पाळणा आणि बिनमातीची वाळवी

मी पिकान झाडाच्या लाकडाचा पाळणा बोलतोय. आवाज जरा पोकळ वाटेल, सांभाळून घ्या.

अमेरिकेतल्या लुइझियानात ओडीलबाईंच्या नवऱ्याने मला घडवलं. त्यांची लेक मार्गो माझ्यातच वाढली. तिथली वाळवी जमिनीतून यायची. भिंतीवर मातीच्या नळ्या बांधत चढायची आणि ओलाव्यासाठी पुन्हा मातीत उतरायची. नळी दिसली की ओडीलबाई ती झाडूने मोडायच्या, जमिनीत औषध घालून घ्यायच्या. मला कधी झळ लागली नाही.

नवरा गेल्यावर त्या लेकीकडे सॅन डिएगोला आल्या. मी माळ्यावर गेलो. उन्हाने गुंगी यायची. अशाच एका दुपारी पंखवाल्या वाळवीची जोडी माझ्या फटीत शिरली आणि पंख गाळून तिथेच राहिली. ना माती, ना पाणी. त्यांना मी एकटा पुरलो. त्यांची कुरतड ऐकत मी वर्षानुवर्षं पेंगत राहिलो. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मार्गोला दिवस गेले आणि मला खाली आणलं. माझ्याखाली त्यांच्या विष्ठेचे खसखशीसारखे दाणे पडू लागले.

"आई, वाळवी लागलीय याला!"

"माती कुठंय? वाळवी म्हणे! आपल्या गावाला चल, पुन्हा दाखवते वाळवी कशी असते."

खिडक्यांखालीही दाणे दिसले, तेव्हा मार्गोने वाळवीवाल्या रूबेनला बोलावलं.

"ही कोरड्या लाकडातली, आजी. हिला जमीन लागत नाही, लाकडातच हिचा संसार. घरावर तंबू घालून विषारी गॅस सोडतो. तेवढे दिवस तुम्ही बाहेर राहायचं. पाळणा आतच राहू द्या."

"आणि माझ्या नातीला विषात झोपवू?"

"गॅस उडून जातो हो."

"मग तूच झोप त्यात!"

तंबूच्या दिवशी ओडीलबाईंनी मला गोधडीत गुंडाळून गुपचूप राहायच्या मोटेलवर नेलं. किती मायेने गुंडाळलं होतं! घरातली वाळवी मेली. माझी माझ्याबरोबर परत आली.

बाळ घरी आलं. रिकामा पाळणा हलवायचा नाही, अशी ओडीलबाईंच्या गावची रीत. म्हणून नातीला ठेवण्याआधी त्यांनी माझ्यात तांदळाची पिशवी ठेवली आणि गुणगुणत झोका दिला. मला फार भीती वाटत होती. मोडायचं तर आत्ताच, मी स्वतःला विनवलं.

कडकन तळ सुटला. तांदूळ जमिनीवर सांडले आणि त्यांत ते तपकिरी दाणे.

ओडीलबाईंनी तळाची पोखरलेली फळी उचलली. "त्यांच्या हातचा होता गं," एवढंच म्हणाल्या. मार्गोने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

आता मी अंगणात पडलोय, कचऱ्याच्या गाडीची वाट बघत. ओडीलबाई येऊन माझ्या कठड्यावर हात फिरवतात आणि रडतात. बाई, रडू नका. मूल पडू नये म्हणून त्यांनी मला घडवलं होतं. ते पडलं नाही.