नगराध्यक्षांच्या दाराबाहेरचा बाक

मी एक लाकडी बाक बोलतोय. ग्राबेनाऊच्या नगरपालिकेत, नगराध्यक्षांच्या दाराबाहेर मी अठरा वर्षं काढली. त्याआधी रेल्वे स्टेशनात होतो. गाड्या बंद झाल्या, स्टेशनाला कुलूप लागलं आणि मी दोन हिवाळे बर्फात पडून राहिलो.

तिथून मला उचललं वाल्बुर्गानं. ती गावची पोस्टवाली. वीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलेलं. कुणाच्या घरी मुलाची पत्रं यायची थांबलीत, तेसुद्धा तिला ठाऊक. गावानं तिला नगराध्यक्ष केलं आणि पहिल्याच आठवड्यात ती धाकट्या भावाचा ट्रॅक्टर घेऊन स्टेशनात हजर.

"ताई, लोकांनी तुला कामाला निवडलंय, बाकडी गोळा करायला नव्हे," लाम्बर्ट कुरकुरला.

"मग लोकांना ताटकळत उभं ठेवू? उचल ती बाजू."

ती दार कधी लावत नसे. त्यामुळे मी सगळं ऐकलं: शेजाऱ्याचा कोंबडा, बंद पडलेला दिवा, शेताच्या हद्दी. क्रेसेन्ट्सिया नावाची म्हातारी दर मंगळवारी येई.

"आज काय तक्रार?" वाल्बुर्गा कॉफीचे दोन कप घेऊन बाहेर येत विचारी.

"आज काही नाही. नुसती बसते."

मग तीही शेजारी बसे.

पाचव्या वर्षी, ऑगस्टात, चार दिवस पाऊस थांबला नाही. नदी बांधाला लागली. खालच्या अंगाला वृद्धाश्रम होता. पाणी वरच्या बाजूला सोडून द्यावं, असं अग्निशमन दलाचा प्रमुख म्हणत होता. वरच्या बाजूला लाम्बर्टची नाशपातीची बाग होती. तो ओल्या बुटांनी माझ्यावर बसून होता. वाल्बुर्गा बाहेर आली.

"लाम्बर्ट, बांध तुझ्या बागेच्या बाजूनं फोडावा लागेल."

"बाबांनी लावलेली झाडं आहेत ती."

"माहीत आहे. मीही पाणी घातलंय त्यांना."

"मग दुसरीकडे फोड."

"दुसरीकडे एकतीस माणसं खाटेला खिळून आहेत रे."

तो उठून गेला. त्याच्या जागी ओल तेवढी राहिली. वाल्बुर्गा त्या ओलीवर हात ठेवून घटकाभर उभी होती. मग आत जाऊन तिनं फोन उचलला.

वृद्धाश्रमातलं एकही माणूस दगावलं नाही. बागेत मात्र पाणी नऊ दिवस तुंबलं आणि झाडांची मुळं कुजली. लाम्बर्टनं बहिणीशी बोलणं टाकलं. तेरा वर्षं. कागदपत्रांसाठी आला की भिंतीकडे तोंड करून बसायचा. कारकून सही घ्यायला बाहेर यायचा. आत तिचं लिहिणं थांबलेलं मला कळायचं.

पुढची निवडणूक तिनं लढवली नाही. शेवटच्या दिवशी ती खोकी भरत होती, तेव्हा लाम्बर्ट आला. काही काम नव्हतं. माझ्या एका टोकाला बसला. ती येऊन दुसऱ्या टोकाला बसली.

"पुरानंतर निवडणुका दोन झाल्या ना?" त्यानं विचारलं.

"दोन."

"दोन्ही वेळा मत तुलाच दिलं."

"माझ्याशी बोलत नव्हतास की."

"राग होता. पण गाव दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची भीती वाटायची, ताई."

तिनं डोळे पुसले. त्यानं तिकडे पाहिलं नाही.

"नाशपातीची रोपं आणलीत," तो म्हणाला. "खड्डे खणायला माणूस हवंय. माझी पाठ दुखते."

"माझी काय दुखत नाही होय?"

"मग सावकाश खणू."

दोघं जिना उतरून गेले. एकमेकांच्या दुखण्यांची विचारपूस करत होते, एवढंच ऐकू आलं.

आता मी नगरपालिकेच्या माळ्यावर आहे. नवे नगराध्यक्ष भले आहेत. त्यांनी दाराबाहेर हात असलेल्या लोखंडी खुर्च्या मांडल्यात; वाट पाहणारी माणसं त्यांत सुटी सुटी बसतात. माझा एक पाय निखळलाय, बाकी लाकूड धड आहे. तेवढा पाय कुणी ठोकून द्या आणि मला पुन्हा खाली न्या. रुसलेल्या माणसाला उठून जवळ जाणं जड जातं; माझ्यावर बसलं की नुसतं सरकता येतं.