सीडीवरचं कुंकू

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, चकलांब्याच्या ऐन बाजारात गाणं अडकलं. "आयाबहिणींचा... आयाबहिणींचा... आयाबहिणींचा..." पुढचं 'पाठीराखा अमरसिंह' काही केल्या येईना. आमचे उमेदवार अमरसिंहभाऊ मागं जीपमध्ये हात जोडून उभे होते. ते हसतच राहिले, पण नजर माझ्या पाठीत रुतली होती. भाजीवाल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

मी सुग्रीव, त्यांचा ड्रायव्हर. जीप जुनी, तिच्या टेपला फक्त सीडी चालते. भाऊंच्या लेकीनं, संस्कृतीनं, ते गाणं आदल्या रात्रीच घरच्या कॉम्प्युटरवर सीडीत भरलं होतं. ती माझ्या शेजारीच बसली होती.

"मी एकदम कमी स्पीडवर भरली होती, काका. रात्री वाजवून बी बघितली, कुठंच अडकली न्हाई," ती म्हणाली. "टेपच खराब झाला असंल. दुसरी लावा बरं."

भजनाची लावली. ती खणखणीत वाजली. म्हणजे टेप चांगला, रात्रीपर्यंत सीडीही चांगली, आणि सकाळपासून सीडी माझ्या ताब्यात. बिघाड शोधायला गेलो आणि मीच सापडलो.

संस्कृती मागं वळून वडलांना काही सांगत होती, तेवढ्यात मी सीडी उलटी करून पाहिली. चमकत्या बाजूला, भोकाजवळ, कुंकवाचं वाळलेलं बोट. सकाळी वनमालावहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, जीपची पूजा केली तेव्हा सीडी देवघरातच होती, रात्री देवापुढं ठेवलेली. मीच नंतर आणली. आणि पहाटे देवघरात एकच माणूस जातं, भाऊंची आई छबुबाई. नवरा गेल्यापासून त्या प्रत्येक पूजेला दाराआड उभ्या असतात. कुंकवाला त्यांनी हात लावायचा नाही, असा त्या घरचा नियम. मला त्या नियमाची चीड येते, पण ड्रायव्हरला कोण विचारतो? मी सीडी शर्टात सरकवली.

"काय लपवलं बे?" भाऊंनी पाहिलंच.

"काई न्हाई, भाऊ."

पुढची गावं सोडून जीप घरी आली. अंगणात कार्यकर्ते जमले.

"विजयसिंहानं फोडलं तुला," भाऊ म्हणाले. विजयसिंह म्हणजे समोरचा उमेदवार. "काढ ती सीडी."

"न्हाई काढत."

"मग चावी ठेव. उद्यापासून यायचं न्हाई."

एकदा फितूर म्हणून नाव झालं की तालुक्यात दुसरं कुणी गाडीवर घेत नाही. घरी काय सांगायचं, ते सुचेना. भीती वाटली, रागही आला. तरी चावी काढून बॉनेटवर ठेवली.

"सुग्रीव, दे ती." छबुबाई दाराआडून थेट अंगणात आल्या. "मी लावलंय रे, अमर. गाडीपशी मला येऊ देत न्हाईत. मनलं, लेकाच्या गाण्याला तरी लावावं."

भाऊंचे चुलते आश्रुबा खाकरले. "तरीच अडलं," ते म्हणाले.

भाऊंनी मान खाली घातली. छबुबाईंनी माझ्या हातातून सीडी घेतली, पदराचं टोक रांजणात बुडवलं आणि पुसायला लागल्या.

"आजी, गोल गोल नको, चरे पडतेत. मधून बाहेर पूस," संस्कृती जवळ येऊन म्हणाली.

तशा त्या पुसत राहिल्या. कपाळाचं कधीतरी दुसऱ्यांनी पुसलं होतं, हे त्यांनी स्वतःच्या हातानं पुसलं. मला बघवेना.

टेप चावीशिवायही चालतो; संस्कृतीनं सीडी त्यात घातली. "आयाबहिणींचा पाठीराखा अमरसिंह," कुठंही न अडकता गाणं सुरू झालं.

"चावी घे," भाऊ माझ्याकडं न बघता म्हणाले. "चल, उशीर झाला."

मी आत हात घालून टेप बंद केला. "मोठ्या बाईंनी गाडीला कुंकू लावू द्या. मग घेतो."

आश्रुबा भाऊंकडं बघत होते आणि भाऊ फाटकाबाहेर जमलेल्या लोकांकडं. संस्कृती आत गेली, देवघरातला करंडा आणून तिनं आजीच्या हातात ठेवला. छबुबाईंचं बोट कुंकवात बुडालं आणि तिथंच थांबलं. त्या लेकाकडं बघत राहिल्या.

भाऊ बॉनेटसमोर उभे होते. ते बाजूला झाले.