पाच भ आणि एक शिडी

शेवटी दगडोबा पेंटरनी भ ला हात लावला नाही. पण हे अजून घडलंच नाही असं धरून चालू. कारण आत्ता ते वारंगा फाट्यावर शिडीच्या चौथ्या पायरीवर उभे आहेत आणि खानावळीवर कालच लावलेला नवाकोरा फ्लेक्स काळ्या रंगानं दुरुस्त करत आहेत. खाली त्यांची बायको शकुबाई शिडी धरून आहे. तीस वर्षं तीच धरते.

"अवं पेंटर, काय करून राहिले?" खानावळीची मालकीण भिकाबाई पीठभरल्या हातांनी बाहेर आली.

"अक्षरांचे पोपडे उडाले तुमच्या. एका दिवसात!"

"उडाले न्हाई, उडवले! जुनं दिसावं म्हून मुद्दाम करून घेतलं."

दगडोबा विचारात पडले. त्यांच्या माहितीत जुनं दिसायला कुणाला काही करावं लागत नसे. नुसतं थांबलं की व्हायचं.

फ्लेक्स करून देणारी त्यांची पुतणी निलम आत जेवत होती. ती घास तोंडात धरूनच आली. "काका, तुमचीच अक्षरं हायत ती. भारत सायकल मार्टच्या जुन्या बोर्डावरून फॉन्ट केला. जाड काड्या, टोकाला फुटलेले पाय, सगळं तुमचं. नावबी 'दगडोबा'च ठेवलं. आता कॉम्प्युटरवर कुणीबी वापरील."

"अन् पोपडे?"

"तेबी."

दगडोबांचा चेहरा पडला. "म्हंजे जगभर माझं नाव, अन् त्याखाली पोपडे? लोक म्हणतील, दगडोबाचा रंग टिकत न्हाई. समदे बुजवतो."

त्यांनी क बुजवला, र बुजवला, त बुजवला. मग भ आले. भिकाबाई भोजनालय, भाकरी, भाजी, भात. पाच भ, आणि पाचांच्या डाव्या अंगाला बरोबर एकसारखा टवका.

"पाची जागी एकच टवका काहून?"

"जुन्या बोर्डावर भ एकच होता. तोच पाचदा उमटला," निलम म्हणाली.

"पर त्याचा तरी तिथंच काहून उडाला?"

"उडाला न्हाई," शकुबाई खालून म्हणाली. "तिथं मी शिडी टेकवायची. तुमी दर दिवाळीला रंग द्यायचे, अन् शिडीखालची तेवढी जागा ऱ्हायची. इतकी वर्सं शिडी धरली, कोण्या बोर्डावर माझं नाव हाय का? तेवढा टवका माझा हाय. हात लावला तर शिडी सोडीन."

दगडोबांनी खाली पाहिलं. चौथी पायरी तशी उंच होती. पण ते उंचीकडे नाही, शकुबाईकडे पाहत होते. मग त्यांनी ब्रश पुसला.

दुसऱ्या दिवशी तलाठी कार्यालयात एक अर्ज आला. अक्षर सुबक, प्रत्येक काडीला पाय.

"विषय: टवक्यास नाव लावणेबाबत. महोदय, भ या अक्षराच्या डाव्या बाजूचा टवका, तो जेथे जेथे उमटेल तेथे तेथे, गेली तीस वर्षे सौ. शकुबाई यांच्या वहिवाटीत आहे. तरी सदर टवक्याच्या सातबाऱ्यावर त्यांचे नाव लावून उतारा मिळावा, ही नम्र विनंती."