पुराव्याची वेळ अजून यायची होती

मित्रांनो, त्या दिवशी कॉलेजात शिकणाऱ्या शोल्पानला काय मिळणार होतं ते आधी मांडते म्हणजे गोष्ट सोपी होईल. शहराच्या तपास प्रयोगशाळेत उन्हाळाभर काम शिकायची एकच जागा होती. ज्याचा अहवाल बिनचूक, त्याची ती जागा. शोल्पानचा वर्गातला जोडीदार सान्जार यालाही तीच जागा हवी होती, फक्त अहवाल लिहायचा कंटाळा होता. आणि मला? मला भंगारात जायचं नव्हतं, एवढंच.

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला, पण जाणती झाले ती अल्माटीत. पहिली नोकरी सफरचंदांच्या गोदामात. किती पेट्या आल्या, किती सडल्या, सगळं माझ्या पोटात. गोदामवाले आकडे लपवायचे, मी कधी लपवले नाहीत. पुढे गोदाम बंद पडलं आणि झुमाबेक अगाय मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेऊन आले. आमच्याकडे मास्तरांना अगाय म्हणतात. ते दरवर्षी माझ्यात एक खोटा गुन्हा रचायचे आणि मुलांनी तो शोधून काढायचा. वर्गापुढे मला उचलून धरायचे आणि म्हणायचे, "माणसं बोलतात, ही सांगते." काय रुबाब होता माझा! मग नखाएवढ्या चकचकीत डिस्का आल्या आणि मी खणात जुन्या वायरींखाली गेले.

या वर्षी नव्या डिस्का दुसऱ्या वर्गाने नेल्या, म्हणून अगायना माझी आठवण झाली. सकाळी नऊ पस्तीसला त्यांनी आपल्या लॅपटॉपवरून माझ्यातली परीक्षेची एक फाइल मुद्दाम पुसली. ती कधी पुसली गेली, ते मुलांनी सांगायचं. दहाला शोल्पान आणि सान्जार यांनी मला संगणकाला जोडलं. मधे एक डबी होती, जिच्यातून मला वाचता येतं पण माझ्यावर लिहिता येत नाही. तपासाचं सॉफ्टवेअर क्षणभर फिरलं आणि पडद्यावर लाल ओळ आली: पुराव्याची वेळ अजून यायची आहे. पुढे काही हलेना.

सान्जारने निकाल देऊन टाकला. म्हातारीला भ्रम झालाय म्हणे, उद्याचं आज बोलतेय. त्याने वायर काढून लावली, संगणक बंद करून चालू केला, वर एक चापटही मारली. अगायनी लांबूनच मान हलवली आणि दुपारी मला बाद करू म्हणाले.

शोल्पान मात्र घाई करणाऱ्यांतली नव्हती. पुराव्यावरून अंकांचा एक ठसा काढतात. आत एक अक्षर जरी बदललं तरी ठसा बदलतो. तिने ठसा काढला आणि अगायनी दिलेल्या ठशाशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळला. मित्रांनो, त्या क्षणी माझी छाती फुगली असती, पण ती लोखंडी आहे.

मग मुलं दूध घातलेला चहा प्यायला गेली. अकराला परत येऊन बघतात तर लाल ओळ गायब, सगळं सुरळीत. सान्जार हात चोळत म्हणाला, "माझ्या हाताला गुण आहे."

"तू चहा प्यायलास," शोल्पान म्हणाली. "दुसरं काय केलंस?"

आपोआप गेलेलं दुखणं तिला पटत नव्हतं. तिने वेळ पाहिली. सॉफ्टवेअर म्हणत होतं, फाइल दहा पस्तीसला पुसली.

"दहा पस्तीसला ही डिस्क कुठे होती?" तिने विचारलं.

"आपल्या टेबलावर."

"मग फाइल पुसली कुणी?"

"तूच असशील, न्यायाधीशबाई."

ती हसली नाही. तिने संगणकाचं घड्याळ उघडलं. वसंत लागताना सरकारने देशभर एकच वेळ केली आणि अल्माटी एक तास मागे आली. पुरावा बिघडू नये म्हणून प्रयोगशाळेतले संगणक इंटरनेटला जोडत नाहीत, त्यामुळे अगायनी हाताने एकेकाचं घड्याळ तासभर मागे केलं होतं. पण शहर आता कोणत्या वेळेच्या पट्ट्यात आलं, ते संगणकाला सांगायचं राहिलं. वर आकडा बरोबर, आतला हिशोब तासभर चुकलेला. अगायचा लॅपटॉप इंटरनेटवरून केव्हाच सुधारला होता. म्हणून त्याने नऊ पस्तीसला केलेलं काम इथल्या संगणकाला दहा पस्तीसचं वाटलं: दहाला भविष्यातलं, अकराला होऊन गेलेलं.

सान्जार कुजबुजला की नुसतं 'सकाळी' लिही आणि मोकळी हो. अगायना चूक दाखवलीस तर जागा गेलीच समज. वडीलधाऱ्याला चारचौघांत तसं सांगणं आमच्याकडे बरं दिसत नाही, हे तिलाही कळत होतं. ती बराच वेळ पेन फिरवत बसली. मग उठून अगायपुढे गेली.

"सुयिन्शी, अगाय."

आमच्याकडे आनंदाची बातमी आणणारा असं म्हणतो. ऐकणाऱ्याने मग कपाळाला आठी घालायची नाही, बक्षीस द्यायचं. अगाय म्हणाले, "काय हवं ते घे. बातमी सांग."

"तुमची डिस्क निर्दोष आहे."

"मग दोषी कोण?"

"घड्याळ."

"आणि घड्याळ कुणी लावलं होतं?"

सान्जारला आपल्या बुटांची लेस फार महत्त्वाची वाटू लागली. अगायचे कान हळूहळू लाल झाले, आणि मग ते पोट धरून हसले. "पोरी, सुयिन्शीत अडकवलंस मला. माग."

तिने जागा मागितली नाही. डिस्कला एखादं नीट घर द्या, म्हणाली.

मित्रांनो, घरात जुनी वस्तू अडखळली तर लगेच तिला दोष देऊ नका. आजूबाजूला काय बदललं ते आधी बघा, आणि तिला पुसून, झाकून ठेवा. आमच्यासारख्यांना तेवढं पुरतं.

आता कुणी काय किंमत मोजली ते सांगते. अगायनी आपल्या चष्म्याची जाड लोकरीची पिशवी मला दिली. त्यांच्या चष्म्याला आता खिशातल्या किल्ल्यांचे ओरखडे आहेत. शनिवारही त्यांचाच गेला, एकेका संगणकाचं घड्याळ नीट करण्यात. सान्जारने अहवाल पहिल्यापासून लिहिला. शोल्पानला जागा मिळाली, आणि तिने दिला अख्खा उन्हाळा: डोंगरातल्या कुरणावरचा मामाचा तंबू, घोडीचं आंबवलेलं दूध, आणि शिंगरू, जे तिने नाव ठेवायच्या आतच मोठं झालं.