डाग राहू द्या, मावशी

लॉन्ड्रीवाल्या मावशीच्या दुकानात डागाला दया नव्हती. शाई असो, तेल असो, गंज असो, डाग घेऊन आलेला कपडा डाग घेऊन परत गेला असं कधी झालं नाही. तिचं तोंडही सोड्यासारखंच. लागलं की झोंबायचं, पण माणूस स्वच्छ होऊन जायचा.

तिची नात फुटबॉलची सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकून परदेशातून आली, दारात पिशवी टाकून मेल्यासारखी झोपली आणि सकाळी उठून संघाबरोबर सत्काराला गेली. मागे राहिलेल्या पिशवीचं मावशीने तेच केलं जे ती कुठल्याही पिशवीचं करते. उघडली. गोलकीपरची पिवळी जर्सी चिखलाने पुठ्ठ्यासारखी कडक झाली होती. मावशीने ती टबात भिजवली, गाळ तळाशी बसू दिला, वरचं पाणी ओतलं आणि गाळ दारातल्या कुंडीत टाकला. मोरीत गेला तर पाइप तुंबतो. मग घासली, वाळवली, इस्त्री करून कपाटात ठेवली आणि विसरून गेली.

त्या चिखलाचं महत्त्व तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तोवर या देशाला जिंकायची सवयच नव्हती. खेळाडू बाहेर जायचे, सभ्यपणे हरायचे, नीटनेटके परत यायचे. शेजारचे देश हसायचे, म्हणायचे, यांची हारसुद्धा परीटघडीची असते. ऐकून ऐकून लोकांनाही ते खरं वाटायला लागलं होतं. ऑफिसात काय, बाजारात काय, जो तो आधीच मान खाली घालून उभा. आणि मग शेवटच्या सामन्यात, भर पावसात, शेवटच्या पेनल्टीला ही पोर आडवी झाली आणि चेंडू पोटाशी धरून चिखलात पालथी पडली. तो फोटो बसवर लागला, वह्यांवर छापला, न्हाव्याच्या आरशाशेजारी चिकटला. माणसं ताठ चालायला लागली. रांगेत कुणी मध्येच घुसलं तर म्हाताऱ्याकोताऱ्याही ठणकावायच्या, की आम्ही आता चिखलातले आहोत, हलणार नाही.

मावशीनेही फोटो गल्ल्यामागे लावला. पण फोटो तो फोटो आणि कपडा तो कपडा. शिवाय त्या फोटोने तिची गिऱ्हाइकं बिघडवली होती. आया पोरांचे बरबटलेले गणवेश घेऊन यायच्या आणि हळूच म्हणायच्या, थोडा डाग राहू द्या, मावशी, पोराला मिरवायचा असतो. मावशी म्हणायची, मग धुवायला कशाला आणलात, डबक्यातच ठेवायचा होता.

अशात एक दिवस सराव शिबिरातून नातीचा फोन आला. नव्या क्रीडा संग्रहालयाला ती जर्सी हवी होती. आहे तशीच, चिखलासकट. शनिवारी ती तिथल्या बाईंना घेऊन येणार होती. तिने विचारलं, "आजी, जर्सी तशीच आहे ना?"

"आहे ना," मावशी म्हणाली.

जन्मात कुणाला न भ्यालेली बाई, पण पोरीच्या आवाजात इतका आनंद होता की खरं बोलायला जीभ वळेना. तिने कपाट उघडलं. जर्सी नवरीच्या शालूसारखी घडी घालून बसली होती.

इस्त्री करणारा मुलगा, म्हणजे नातीचा बाप, बघतच राहिला. "आई, देशाचा इतिहास धुतलास तू."

"वास मारत होता तुमचा इतिहास," मावशी म्हणाली, पण नेहमीचा जोर नव्हता.

मुलाने मग तोडगाही सुचवला. कुंडीतला गाळ त्याच मैदानाचा आहे. तोच परत लावला तर त्यात खोटं काय? मावशीने त्याला झापलं खरं, पण रात्रंदिवस तिला एकच दिसत होतं, पोरीचा उतरलेला चेहरा.

शनिवारी सकाळी मुलगा कपडे पोचवायला गेला, तशी तिने काउंटरवर जर्सी पसरली, कुंडीतली माती ओली केली आणि मातीचा अंगठा जर्सीच्या छातीवर टेकवला. डाग उमटला. पुढे हात हलेना. जन्मभर जे काढत आली ते लावायचं कसं, हे त्या हाताला ठाऊकच नव्हतं.

"काय करतेस, आजी?"

नात दारात उभी होती.

"डाग लावतेय," मावशी म्हणाली. "धुतली मी ती. तू सत्काराला गेलीस त्याच दिवशी. फोनवर तुझ्याशी खोटं बोलले."

नात जवळ आली, बाहीवरून हात फिरवत राहिली. मावशीला वाटलं, ओरडली तर बरं होईल.

"पडले तेव्हा मला काय वाटलं, माहितीये?" नात शेवटी म्हणाली. "सगळ्यांना सांगते, देश आठवला. खरं तर वाटलं, मेले, आता आजी बोलणार."

"बोललेच असते. कोपर किती सोलून घेतलं होतंस."

नात हसत सुटली. मावशीने तोंड फिरवून उगीचच काउंटर पुसला.

संग्रहालयाच्या बाई गाडी लावून आत आल्या. त्यांनी काही विचारायच्या आधीच मावशीने सगळं सांगून टाकलं, अंगठ्यासकट. बाई स्टुलावरच बसल्या. चिखल दिसावा म्हणून काच केली होती, दिवे लावले होते. नात म्हणाली, न्यायची तर अशीच न्या आणि खाली लिहा, आजीने धुतली. मावशी ओलं फडकं घेऊन पुढे झाली, तर नातीने तिचा हात धरला. तेवढा डाग राहू दे, म्हणाली.

उद्घाटनाला ही गर्दी. मागे फोटो, पुढे काचेत लख्ख पिवळी जर्सी, आणि खाली पाटी: सामन्यानंतर आजीने धुतली. अंगठा आजीचा, माती त्या मैदानाची. लोक चिखल शोधायचे, मग पाटी वाचायचे, मग हसायचे आणि तिथून हलायचेच नाहीत. एक बाई नवऱ्याला म्हणाली, आपल्या आईंनीही हेच केलं असतं. मागचा एक माणूस म्हणाला, माझ्याही. अनोळखी माणसं, पण घरच्यासारखी बोलत उभी राहिली.

मावशीच्या कानावर यातलं काही गेलं नाही. तिला दिसत होता फक्त तो डाग. भर उजेडात, साऱ्या देशासमोर, आणि खाली पाटीवर तीच. तिने पहारेकऱ्याला खुणेने जवळ बोलावलं.

"किल्ली असेल ना रे तुझ्याकडे? उघड जरा. आत्ता काढून देते."