रोजचं एक सूत

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. दोरीच्या टोकाला बांधलेला पितळेचा जड गोळा. गवंडी भिंत बांधताना मला वरून खाली सोडतो आणि भिंत सरळ उभी आहे की कलली, हे मला विचारून घेतो. आता मी एका घराच्या दाराशी खिळ्याला टांगलेला असतो. वारा आला की डुलतो, ऊन आलं की चमकतो, आणि एरवी अर्धवट झोपेत असल्यासारखा मागचं आठवत राहतो. आठवणीही माझ्यासारख्याच डुलतात. म्हणून सावकाश ऐका.

माझा जन्म एका लेथवाल्याच्या दुकानात झाला. त्यानं मला गोल फिरवत फिरवत घडवलं, तळहातावर तोललं आणि म्हणाला, "याला पोट दिलंय, डोकं नाही. डोकं असतं तर मतं मांडत बसला असता!" पण पहिल्यांदा दोरीला लोंबकळलो तेव्हा मला एक हाक ऐकू आली. खालून, मातीच्या फार खालून, अगदी मऊ. तिला शब्द नव्हते. ती कुणाची हाक हे मी कधी कुणाला विचारलं नाही. देवाशिवाय इतक्या शांतपणे आणि इतका सतत कोण बोलावणार?

मला विकत घेणारे थोरले मिस्त्री देवभोळे आणि गाणारे होते. त्यांनी माझ्या दोरीत लाकडाची एक चकती ओवली. तिची रुंदी बरोबर माझ्या पोटाएवढी. चकती वर भिंतीला टेकवायची आणि मला खाली सोडायचं. भिंत सरळ असेल तर मी तिला जेमतेम टेकतो, पाखरानं पाण्याला चोच लावावी तसा. दूर राहिलो किंवा तिच्यावर रेललो, तर कुठंतरी चुकलंय म्हणून समजा.

पण खाली सोडल्या सोडल्या मी खरं सांगू शकत नाही. आधी डोलतो. तेवढा वेळ थोरले मिस्त्री एक ओळ गात, स्वतःच रचलेली:

"डुले तोवर डुलू दे, थांबेल तेव्हा बोलू दे."

चाल इतकी संथ की ओळ दोनदा म्हणून होईपर्यंत मी निश्चल झालेला असे. मगच ते डोळा लावत. रोजचा हा नेम. आणि आठवड्याच्या शेवटी दुसरा नेम. मला आणि चकतीला शेजारी शेजारी धरून वरून बोट फिरवायचे, दोघं अजून सारखीच आहोत ना हे बघायला. याला ते आमची गळाभेट म्हणत. मग अख्खी दोरी सोडून भिंत माथ्यापासून पायापर्यंत एकदा तपासत. "रोजच्या कामावर रोज नजर," ते म्हणत, "आणि नजरेवर आठवड्यातून एकदा नजर."

त्यांच्या मागे मी त्यांच्या मुलाच्या हाती आलो. हात कसबी, पण वेग असा की सगळे त्याला फटाफट म्हणत. माल कालवायला त्याची थोरली बहीण, ताई. तीस वर्षं वाळू-सिमेंट कालवून तिच्या तळव्यांवरच्या रेषासुद्धा पुसल्या होत्या.

फटाफटनं वडिलांचा रोजचा नेम मोडला नाही हो! ओळ तो रोज गायचा. पण चाल अशी पळवायचा की त्याचं गाणं संपायचं आणि मी अजून मजेत डुलतोय. गळाभेट तर कधीच सुटली होती. "रोज बघतोय की," तो म्हणायचा, "मग आठवड्याचं वेगळं कशाला?"

इकडे माझी सोबतीण झिजत होती. एकाच कडेनं भिंतींना टेकून टेकून तिची ती कड एक सूत खाली गेली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, बघणाऱ्याच्या डोळ्याला खुपू नये एवढा. मला ते कळत होतं. पण मला पोट आहे, तोंड नाही.

त्याच दिवसांत फटाफटला एका शाळेचं काम मिळालं, त्याच्या स्वतःच्या नावावरचं पहिलं. शाळेची मुलं तोवर एका गोदामात पोत्यांच्या आडोशाला बसून शिकत होती. हे काम उरकलं की शेजारच्या ग्रंथालयाचं कामही त्यालाच द्यायचं ठरत होतं. "बापाची सर नाही याला," असं म्हणणाऱ्यांना त्याला उत्तर द्यायचं होतं.

पुढची उंच भिंत त्यानं सात दिवसांत चढवली. रोज तो आदल्या दिवसाच्या कामापासून आजचं काम तपासायचा, आणि मी रोज डुलता डुलताही अगदी नीट टेकायचो. पण झिजलेल्या चकतीमुळे माझं ते टेकणंच खोटं होतं. रोज भिंत एक सूत पुढे कलायची आणि दुसऱ्या दिवशी त्या कललेल्यावर आणखी एक सूत. त्या सात दिवसांइतकी लाज मला जन्मात कधी वाटली नाही.

आठव्या दिवशी सकाळी तो वर विटा भिजवत होता. ताई खाली घमेलं घेऊन उभी होती. ती एकाएकी थबकली.

"अरे, पाणी भिंतीला सोडून पडतंय."

"पाण्याला कधीपासून गवंडीकाम कळायला लागलं?"

"तुझ्यापेक्षा बरं कळतं. ते फटाफट म्हणवून घेत नाही. खाली ये आणि बघ!"

तो उतरला. वरच्या विटेवरून ठिबकणारं पाणी भिंतीवरून ओघळायचं सोडून पायापासून बोटभर दूर, मातीत टपटप पडत होतं. तो पुन्हा वर चढला, माथ्यावरून अख्खी दोरी सोडली आणि घाईघाईनं ओळ म्हणून टाकली. ताईनं घमेलं खाली ठेवलं.

"अशी नाही. बाबांच्या चालीत."

आणि तीच गायला लागली. कितीतरी वर्षांनी ती चाल माझ्या अंगावरून गेली. माझं डोलणं हळूहळू आखूड झालं, मग श्वासाएवढं, मग काहीच नाही. आजूबाजूचं सगळं थांबल्यासारखं वाटलं. फक्त ती खालची हाक तेवढी ऐकू येत होती. मी निश्चल झालो आणि भिंतीच्या पायापासून बोटभर दूर लटकत राहिलो.

तो चकतीसकट खाली उतरला, तेव्हा ताईनं ती माझ्याजवळ धरून वरून नख फिरवलं. नख अडकलं. चकती सूतभर कमी भरत होती.

एवढ्यात कामावर देखरेख करणारे साहेब आले. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. "बोटभरच ना? प्लास्टरखाली झाकून जाईल. परवा छपराच्या तुळया येतायत. आता भिंत उतरवलीस तर ग्रंथालयाचं विसर. तिथं वेळेचा माणूस हवाय."

फटाफट भिंतीला हात लावून उभा राहिला. पिण्याच्या पाण्याचे नळ कुठं हवेत ते दाखवायला मुख्याध्यापिकाबाईंनी त्या भिंतीवर खडूनं फुल्या मारल्या होत्या. तीन फुल्या कमरेच्या उंचीवर, आणि एक त्याच्या गुडघ्याशी. सगळ्यांत धाकट्या मुलांसाठी. तो त्या खालच्या फुलीकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर आलं: वर सात दिवसांचं काम, सात सूत पुढे झुकलेलं, आणि त्याच्याखाली गुडघ्याएवढी मुलं ओंजळ धरून उभी.

तो तडक बाईंकडे गेला.

"बाई, भिंत चुकली. चूक माझी आहे. पायापर्यंत उतरवून पुन्हा बांधतो. आठ दिवस जास्त लागतील."

बाईंनी चष्मा काढला. "एक सांगा. तुम्ही बोलला नसतात तर मला कळलं असतं?"

"नसतं."

"मग बांधा, मिस्त्री. आठ दिवस आम्ही पोत्यांशी आणखी थोडी ओळख वाढवू."

त्याला मिस्त्री म्हणणारं ते पहिलंच माणूस.

त्यानं स्वतःच्या हातानं एकेक वीट उतरवली. खालच्या फुलीची वीट ताईनं जपून बाजूला ठेवली आणि नव्या भिंतीत ती पुन्हा तिच्याच जागी बसली. माझ्यासाठी नवी चकती कातून आणली. जुनी त्यानं फेकली नाही, थापीच्या पिशवीत काम सुटेपर्यंत बाळगली. ग्रंथालय मात्र दुसऱ्याकडे गेलं. ते उभं राहताना तो रोज त्या रस्त्यानं जायचा आणि मान वर करायचा नाही. चांगलं वागलं की लगेच फळ मिळतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्या दिवसापासून ओळ बाबांच्या चालीत आणि गळाभेट दर आठवड्याला. हळूहळू फटाफट हे नाव लोक विसरले. कधी विसरले ते कुणालाच आठवत नाही. एकेक सूत विसरले असतील.

पुढे लेसरच्या तांबड्या किरणाचं यंत्र आलं. ते डुलत नाही, त्याच्यासाठी गावं लागत नाही. मी पिशवीच्या तळाशी गेलो. एका कोळ्यानं माझ्या दोरीत संसार थाटला आणि मी कितीतरी काळ अंधारात त्या हाकेकडे कान लावून पडून राहिलो. मिस्त्री म्हातारे झाले, काम सुटलं, तेव्हा एका सकाळी त्यांनी मला बाहेर काढलं, पुसलं आणि दाराशी टांगलं. रोज बाहेर पडण्याआधी ते मला बोटानं हलवतात, ओळ म्हणतात आणि मी थांबेपर्यंत थांबतात.

"भिंत नाही, काही नाही," ताई आतून म्हणते, "आणि मिस्त्री ओळंबा बघतायत!"

"भिंत आहे की. मी."

परवा दोघं मला घेऊन शाळेत गेली. मिस्त्रींनी चकती पुन्हा बांधलेल्या त्या भिंतीला टेकवली. हात थरथरत होता, त्यामुळे मी डुलतच राहिलो. ताईनं त्यांचं मनगट धरलं. दोघं मिळून गायली. खालच्या नळावर पाणी पिणारी एक चिमुरडी ओल्या हनुवटीनं बघत राहिली आणि तिसऱ्या वेळेला तीही गुणगुणायला लागली. मी थांबलो, आणि टेकलो. पाखरानं पाण्याला चोच लावावी तसा.

मित्रांनो, तुमचा प्रत्येक दिवस आदल्या दिवसावर उभा राहतो. रोजची चूक सूतभरच असते आणि रोजची काळजीही सूतभरच. म्हणून दिवसातून एकदा स्वतःला असं मोकळं सोडा, डुलणं सरेपर्यंत धीर धरा आणि मगच डोळा लावा. आणि एखाद्या अडगळीत माझ्यासारखा कुणी सापडलाच, तर त्याला बाहेर काढून पुसा. त्याची चकती मात्र आधी तपासून घ्या.