ड्राइव्हच्या डब्यातला पुठ्ठा

घरच्या कारखान्यात सगळे त्याला अंगठेबहाद्दर म्हणत, आणि तोंडावर म्हणत. स्वेटर विणायच्या मशीनला नक्षी पुरवणारा कॉम्प्युटर जुनापुराणा, त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह बाहेरच्या वेगळ्या डब्यात. आणि त्या डब्याच्या उजव्या कोपऱ्यावर अंगठा दाबून धरल्याशिवाय तो फ्लॉपी वाचत नसे. अंगठा नेमका कुठे आणि किती दाबायचा, हे एकट्या ह्यालाच ठाऊक. सुरुवातीला बाकीच्यांनी दाबून बघितलं तर नुसती खरखर, तेव्हापासून कुणी हात लावत नसे.

खरं कारण त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी दादा म्हणाला होता, "कॉम्प्युटर आता हिच्याकडे दे. तू बाहेरची कामं बघ." 'ही' म्हणजे वहिनी. बाहेरची कामं म्हणजे टेम्पोवाल्यांशी हुज्जत घालत उन्हात उभं राहायचं. त्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर ह्याने डबा उघडला, सुताच्या खोक्याचा दोन बोटं रुंद पुठ्ठा कापला आणि ड्राइव्हच्या खाली एका बाजूला सारला. ड्राइव्ह तिरका झाला. वरून बरोब्बर जागी दाबलं की सरळ. वहिनींनी चार दिवस खटपट केली, हात टेकले, आणि कॉम्प्युटर परत ह्याच्याकडे आला. जिंकलाच म्हणायचा.

पण स्वतःच्याच हातांनी पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. बहिणीकडे चार दिवस राहायला गेला तर दुसऱ्याच दिवशी बॅग उचलून परत, कारण मशीन अडलं तर? समुद्राकाठच्या गावात त्याच्या मित्राचं जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचं दुकान होतं. वर एक खोली रिकामी. "ये इकडे, मला तुझ्यासारखा माणूस मिळत नाही," असं मित्र दरवर्षी म्हणायचा आणि हा दरवर्षी नाही म्हणायचा. कैकदा वाटायचं की सांगून टाकावं. पण सांगणार काय, की वहिनी, मी तुम्हाला बनवलं? जीभ रेटायची नाही. या खेपेला मित्राने निर्वाणीचं सांगितलं होतं, रविवारी फोन करतो, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

म्हणून त्याने एम्युलेटर मागवला. हाताच्या पंजाएवढी सर्किटची पाटी. कॉम्प्युटरला वाटतं समोर फ्लॉपी ड्राइव्हच आहे, पण आत फ्लॉपी नाही, सगळ्या फ्लॉप्यांच्या नक्ष्या भरलेला एक पेनड्राइव्ह. बटण दाबून जुन्या फ्लॉपीवरचाच नंबर लावायचा, त्या नंबरची नक्षी हजर. हे कुणालाही जमेल. वरचा डबा मात्र तोच ठेवायचा, कारण नवीन वस्तू दिसली की दादाची पाचावर धारण बसते. पुठ्ठ्याचं पाप आतल्या आत मिटेल, आणि हा सुटेल.

रविवारी दुपारी कारखाना बंद होता. त्याने डब्याचे चारही स्क्रू काढले, झाकण उचललं, जुना ड्राइव्ह बाहेर घेतला आणि खाली बोट घातलं.

पुठ्ठा नव्हता.

डबा उलटा करून झटकला. धूळ पडली, एक वॉशर पडला, बाकी काही नाही. मग तो गेली कित्येक वर्षं अंगठा कशासाठी दाबत होता? न दाबता चालतं का, हे त्याने एकदाही बघितलं नव्हतं. बघायची गरजच काय, कारण त्याला माहीतच होतं.

हातातलं काम सोडायची त्याला सवय नव्हती. नवी पाटी त्याने जुन्याच भोकांवर बसवली. पेनड्राइव्हचं तोंड डब्याच्या फटीला अडत होतं, तेवढी कड कानशीने घासली. एम्युलेटरवरची पिन दोन नंबरवर सरकवली, कारण हा कॉम्प्युटर बाहेरच्या ड्राइव्हला दोन नंबरनेच ओळखतो. आता फक्त झाकण उरलं. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि उघडा डबा बघून दारातच थांबल्या.

"पुठ्ठा शोधताय का, भाऊजी?"

त्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"तुम्ही टायफॉइडने हॉस्पिटलात होता ना, तेव्हा ऑर्डर अडली होती," वहिनी सरळ आवाजात म्हणाल्या. "मी डबा उघडला. पुठ्ठा काढला. तीन आठवडे मीच मशीन चालवलं."

"म्हणजे दहा वर्षं झाली."

"झाली की."

"आणि दादाला?"

"त्यांना त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, गप्प बस, तो आला की मशीन बंदच होतं म्हणून सांग."

"मला का नाही सांगितलंत, वहिनी?" त्याचा आवाज चढला. "मला जायचं होतं. दरवर्षी जायचं होतं. तुमचं अडेल म्हणून मी इथे कुजत बसलो."

वहिनींनी चहा टेबलावर ठेवला. त्या चिडल्या नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"आम्हाला काय माहीत? इथून जावं लागू नये म्हणूनच माणूस असा पुठ्ठा घालतो. आम्हाला वाटलं, तुम्हाला इथेच राहायचंय. मग कशाला तुम्हाला उघडं पाडायचं?"

त्याने झाकण लावलं, स्क्रू पिळले, वायर जोडली. वहिनी खुर्चीत बसल्या. कसं करायचं ते त्याने सांगायच्या आधीच त्यांनी बटण दाबून सदतीस नंबर लावला. पडद्यावर पानांची नक्षी आली.

"सोपं आहे की," त्या म्हणाल्या. "जाऊन या आता खुशाल. परत यायलाच हवं असंही नाही. राहा तिकडे, आवडलं तर."

फोन वाजला. मित्राचाच. "काय ठरलं मग? येतोयस ना?"

"यायचं तर आहे," तो म्हणाला. "पण इकडे मशीनचं जरा..."

बोलता बोलता त्याचा अंगठा सवयीने डब्याच्या उजव्या कोपऱ्यावर जाऊन दाबला गेला होता. वहिनी बटणावर बोट ठेवून त्याच्याकडे बघत होत्या, आणि फोनवर मित्र हॅलो, हॅलो म्हणत होता.